एका शिंगात सगळ्यांच्या सह्या

सान फेर्मिन,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप एदुविहिसताईस,

हात जोडून समोर उभा आहे असं समज आणि आशीर्वाद दे. तू मोठी बहीण, त्यात माझ्या बाप्तिस्म्याला मला मांडीवर घेऊन धर्ममाताही झालीस, तेव्हा दुहेरी आशीर्वाद हा माझा हक्कच आहे. तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी रात्रीचं चीज बंद केलं का? (केलं नसेलच. त्यांना विचारू नकोस, खोटं बोलतील आणि वर तेवढ्यासाठी कन्फेशनला जावं लागेल.) इकडे सर्व खुशाल. माझं पोट, कोर्टातल्या माझ्या जोडीदार फिलेमोनचा स्वभाव आणि चर्चपुढचा रस्ता, तिन्ही होते तसेच आहेत.

हे पत्र नेहमीसारखं बसच्या ड्रायव्हरच्या खिशातून न येता तुझ्या कॉम्प्युटरवर आलेलं पाहून तू दचकली असशील. त्याचं कारण पुढे येईल. पण माझी पत्रं तू शेवटपर्यंत वाचत नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो: तुझ्या निमियाला ताबडतोब तिकडे राजधानीत, आसुन्सिओनला, परत बोलावून घे. चांगलं कडक लिही. 'त्या खेड्यात एक दिवस जास्त राहिलीस तर याद राख' असं काहीतरी. तिथं त्या मोठ्या कचेरीत तिच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली आहे म्हणतात, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय म्हणतात, तर होऊ दे की रुजू. आम्हाला पुरे झालं शिक्षण.

आता काय झालं ते ऐक. यापुढे कोर्टाच्या खिडकीवर कागद घेणार नाहीत, जे काय असेल ते कॉम्प्युटरमधून पाठवा, असा वरून हुकूम आला तेव्हा आमच्या वकील संघात सुतकच पडलं. मीच उठून म्हणालो, माझी भाची हेच शिकलेली आहे, वकिलांना हे सगळं कॉम्प्युटरवर स्वतः करायला शिकवते, तिला बोलावू. (तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता ते कुणी कबूल करत नाही.) निमिया आली, आणि तिनं वर्ग कधी ठेवावा? दुपारी जेवणानंतर! ताई, त्या वेळी या गावात कुत्रं भुंकत नाही, चोरसुद्धा झोपलेला असतो. पण ती म्हणे, कोर्ट बंद असतं तेव्हाच तुम्ही सगळे मोकळे असता. मोकळे कसले, आम्ही त्या वेळी झोपण्यात गुंतलेले असतो.

त्यात तेरेरेचा पाला घातलेलं शिंग गार पाण्यानं भरून सगळ्यांत फिरल्याशिवाय आम्ही एका खोलीत बसत नाही, आणि ते भरून पुढे करायचं काम सर्वांत लहान असेल त्याचं, हे तुला माहीतच आहे. खोलीत सर्वांत लहान कोण, तर शिकवणारी. मग काय, निमिया फळ्यावर दोन ओळी लिहायची, थर्मासातलं गार पाणी शिंगात ओतायची, ते एकाला द्यायची, पुन्हा दोन ओळी. शिंगाची फेरी पूर्ण व्हायच्या आत कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा. फिलेमोन म्हणायचा, 'बघा, यालासुद्धा दुपारी झोप येते, आणि आम्ही माणसं आहोत.'

शिकणारे कसले नग होते ते सांगितलं पाहिजे. डॉक्टर एर्मेलिंदाबाईंना (गाव आम्हा वकिलांना अजून डॉक्टरच म्हणतं) पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटरवरची फाइल उघडून वाचायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पूर्ण फाइल छापून, पानांना भोकं पाडून, जाड दोऱ्यानं सुबक शिवून, पानोपानी शिक्का मारून आणली आणि विचारलं, 'बाई, छान झाली ना? आता ही परत आत कुठून घालायची?' निमियानं आधी शिवणीचं कौतुक केलं. (तुझीच मुलगी.) माझं दुःख वेगळं होतं. खिडकीवर कागद द्यायचा तर आधी तिथल्या बाईंच्या आईची तब्येत विचारायची, त्यांच्या पेरूच्या झाडाबद्दल बोलायचं, मग हळूच म्हणायचं की हे जरा आजच्या तारखेत घ्या. या यंत्राला ना आई, ना पेरूचं झाड. याच्याशी बोलायचं कसं?

आणि मुदतीचं तर विचारूच नकोस. मुदत संपली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा वेळ सवलतीचा मिळतो, हे आमच्या धंद्यातलं खरं सुख. मी उभ्या आयुष्यात एकही अर्ज मुदतीच्या दिवशी दिलेला नाही. सवलतीच्या सकाळी धापा टाकत जायचं, तिथं सगळे भेटतात, चिपाची गरम चीजरोटी खायची, कोण कुणाविरुद्ध काय देतोय ते बघायचं. निमिया म्हणाली, 'मामा, मुदत म्हणजे शेवट असतो हो.' मी म्हटलं, पोरी, इथं मुदत संपल्यावर कामाला सुरुवात होते.

मग आल्या सहीच्या कांड्या. बोटाएवढी करड्या रंगाची कांडी, ती यंत्राला लावायची, गुप्त आकडा टाकायचा, की तुझी सही झाली. तीच खरी, तीच कायद्यानं बांधणारी. निमियानं फळ्यावर लिहिलं: कांडी ही दातांच्या ब्रशसारखी, ज्याची त्यानं वापरायची. ताई, तूच सांग, ही उपमा या गावात चालेल का? एकाच शिंगातून, एकाच नळीनं, बिशपपासून बैलगाडीवाल्यापर्यंत सगळे पितो आम्ही. नळी पुसून प्यायला तर माणूस आयुष्यातून उठतो. तिथं 'माझी कांडी माझीच' म्हणणारा शेजाऱ्याला काय तोंड दाखवणार? तिची पाठ वळताच आम्ही तळ गळणारं एक जुनं शिंग टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांच्या कांड्या त्यात टाकल्या. कुणी दाताच्या दवाखान्यात असो, कुणी मुलीच्या शाळेत, त्याचं काम अडू नये म्हणून. खिडकीवर एकमेकांच्या सह्या आम्ही करतच होतो की. गुप्त आकडाही सगळ्यांनी एकच ठेवला: आपला फुटबॉल क्लब शेवटचा जिंकला ते साल. (ते साल गावात पाळण्यातल्या पोरालाही पाठ आहे, कारण त्यानंतर दुसरं साल पाठ करायची वेळच आलेली नाही.)

आता कांतालिसियाबाईंच्या भट्टीकडे येतो. तू इथून गेलीस तेव्हा ती भट्टी त्यांची आई चालवायची. तीच मातीची घुमटासारखी भट्टी, आणि तिच्यातली तीच चिपा, बडीशेपेच्या वासाची, चीज हाताला लागेपर्यंत घातलेली. बाई अजून टोपली डोक्यावर घेऊन बसमध्ये चढतात आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. झालं असं की शेजारच्या डॉन लिब्रादोनं नवं कुंपण घालायला मोजणी करून घेतली, आणि भट्टीची पाठ त्याच्या जमिनीत निघाली. तो कोर्टात गेला. त्याचा वकील फिलेमोन, बाईंचा मी. निकाल आमच्या विरुद्ध लागला: भट्टी काढून टाकावी. मी बाईंना शब्द दिला की अपील करीन, भट्टीला हात लागू देणार नाही. मुदतीचा शेवटचा दिवस आला तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला मंगळवार. गुड फ्रायडेला चूल पेटवायची नसते म्हणून बुधवारीच गाव चिपा भाजून ठेवतं, हे लक्षात ठेव.

त्या दुपारी वर्गात मी आणि फिलेमोन शेजारी शेजारी बसलो होतो. आम्ही एकमेकांविरुद्ध लढतो तेव्हा नेहमी शेजारीच बसतो, त्याशिवाय त्याला चिडवणार कसं? (मंगळवारीच काम केलं, सवलतीची सकाळ सोडली, हेच मुळात अशुभ होतं. निमियाच्या आग्रहानं.) मी अपील लिहिलं होतं, काय लिहिलं होतं म्हणून सांगू! 'हा निकाल न्यायाला, बुद्धीला आणि ख्रिस्ती दयेला धरून नाही.' फिलेमोननं आपल्या रुक्ष पद्धतीनं लिहिलं होतं की निकाल मान्य आहे, अपील करायचं नाही, भट्टी लवकरात लवकर पाडावी. त्यानं शिंगातून एक कांडी घेतली, मी एक घेतली. पडद्यावर एक चौकोन आला, त्यात एक नाव होतं आणि खाली 'पुढे जावं का?' निमिया पहिल्या दिवसापासून बजावत होती की आधी नाव वाचा, मग बटण दाबा. मी बटण दाबलं. फिलेमोननंही दाबलं. आयुष्यभर अशिलाला 'वाचत काय बसता, इथं सही करा' म्हणणारी माणसं आम्ही, आम्हाला वाचायची सवय कुठून असणार?

संध्याकाळी निमिया जेवायला होती. माझ्या फोनवर पावती आली. कॉम्प्युटरनं मला पाठवलेली पहिली पावती! मी कौतुकानं तिच्यापुढे धरली. तिनं वाचली आणि काटा खाली ठेवला. म्हणाली, 'मामा, यात लिहिलंय की कांतालिसियाबाईंच्या वकिलाला निकाल मान्य आहे आणि भट्टी लवकर पाडा.' मी म्हटलं, छे, ते फिलेमोनचं असेल. 'मजकूर त्यांचा आहे. सही तुमची आहे.' म्हणजे माझं अपील फिलेमोनच्या सहीनं गेलं होतं. जिंकलेला डॉन लिब्रादो स्वतःच्या विजयाला ख्रिस्ती दयेच्या नावानं शिव्या घालत होता, आणि मी माझ्याच अशिलाची भट्टी पाडायला निघालो होतो. मला आधी हसू आलं, मग घाम फुटला.

मी म्हटलं, सकाळी गुपचूप निस्तरू. निमिया म्हणाली, आधी बाईंना सांगायचं. आणि मला ओढतच घेऊन गेली. बाई अंगणात उद्याची लाकडं रचत होत्या. मी कांड्या, शिंग, पडदा सगळं समजावून सांगितलं. त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. म्हणाल्या, 'डॉक्टर, म्हणजे भट्टी वाचवायला तुम्हाला ठेवलं, आणि तुम्ही माझ्या नावानं पाडा म्हणून लिहून दिलंत?' ताई, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं निमियाकडे पाहून विचारलं, 'पोरी, हे शिकतात तरी का गं काही?' ती म्हणाली, 'कळतं सगळं. वळत नाही.' मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत कोर्टात हरलो तेव्हाही वाटली नव्हती तेवढी.

दुरुस्ती एकाच रीतीनं होणार होती. बुधवारी सवलतीची वेळ संपायच्या आत मी चूक कबूल करून खरं अपील द्यायचं, आणि फिलेमोननंही लिहून द्यायचं की हो, कांड्यांची अदलाबदल झाली. नुसतं मी म्हटलं असतं तर कोण विश्वास ठेवणार? आधी मान्य करून मग पलटणारे वकील कोर्टानं रोज पाहिलेले असतात. सकाळी संघाच्या खोलीत फिलेमोन शिंग घेऊन आरामात बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तासिओ, मी माझ्या अशिलाचं नुकसान कसं करू रे? तुझी कांडी, तुझी सही, तुझं डोकं.' (कायद्यानं त्याचं बरोबर होतं. म्हणून तर जास्त राग आला.) मी त्याला त्याच्या दिवंगत मावशीची शपथ घातली. तो म्हणाला, ती मावशी मला आवडत नसे. तेव्हा निमियानं आपलं यंत्र मिटलं, पिशवीत घातलं आणि म्हणाली, 'मी जाते, मामा. बटणं कुठली दाबायची ते मी शिकवलं. पुढचं मला शिकवता येत नाही.' तिचे डोळे भरले होते.

एवढ्यात दारात कोण, तर डॉन लिब्रादो, आणि मागून त्याची बायको पेट्रोना, कमरेवर पिठाची परात घेऊन. कांतालिसियाबाईंनी रातोरात गावाला निरोप धाडला होता: भट्टी पाडायला माझ्याच वकिलानं संमती दिली आहे, मग पाडायची भट्टी मी पेटवत नाही, आपापली चिपा आपापल्या घरी भाजा. ताई, सगळं गाव त्या एका भट्टीत भाजतं! पेट्रोनानं परात थेट फिलेमोनच्या टेबलावर ठेवली. 'डॉक्टर, हे काल रात्रीपासून मळलेलं पीठ. भट्टीचा ढुंगणाएवढा भाग आमच्यात आला म्हणून माझी पोरं गुड फ्रायडेला उपाशी राहणार का? याला विचारा! याच्या आईनंसुद्धा त्याच भट्टीत भाजलंय!' डॉन लिब्रादो टोपी फिरवत उभा. शेवटी पुटपुटला, 'डॉक्टर, जिंका. जिंकायचं तर आहेच. पण ईस्टर झाल्यावर जिंका.'

फिलेमोननं शिंगातला शेवटचा घोट घेतला आणि ते निमियाला परत देत म्हणाला, 'आभारी आहे.' परत देताना आभार मानले की माणूस फेरीतून उठला, आणि फिलेमोन पहिल्या फेरीत उठल्याचं कुणी कधी पाहिलेलं नाही. उठून तो सरळ कॉम्प्युटरपाशी गेला, स्वतःची कांडी शोधली, नाव वाचलं आणि जे घडलं ते सगळं लिहून दिलं. (पुढे तो सांगत फिरला की सदसद्विवेकबुद्धीनं केलं. परातीचं नाव घेत नाही.) मग माझी पाळी. निमिया पाठीमागे हात बांधून उभी राहिली. 'मी हात लावणार नाही, मामा.' मी कांडी लावली. नाव मोठ्यानं वाचलं: आनास्तासिओ व्हियाल्बा! माझं नाव इतक्या जोरात मी लग्नातही घेतलं नव्हतं. बटण दाबलं. पावती आली. चर्चची घंटा झाली तेव्हा सवलतीची वेळ संपायला अगदी थोडा अवधी राहिला होता.

न्यायाधीशबाईंनी लगेच आम्हाला बोलावलं, ते जुनं शिंगही मागवलं. टेबलावर उपडं करायला लावलं. एकेकानं आपली कांडी ओळखून उचलली. शेवटी एक कांडी उरली. गावातल्या कुठल्याच वकिलाची नाही. (बाईसुद्धा दुपारी आमच्याकडे तेरेरेला येतात, तुला माहीत आहे.) बाईंनी ती उचलून पाहिली, खोकल्या, पर्समध्ये टाकली, आणि आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. त्यानंतर त्यांचा सूर बराच मऊ झाला. दुरुस्ती मान्य, अपील वर जाईल, तोवर भट्टीला हात लावायचा नाही, आणि गावातल्या प्रत्येक वकिलानं निमियाच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायचं. दुपारी भट्टी पेटली. पहिली गरम चिपा डॉन लिब्रादोनं खाल्ली, दुसरी फिलेमोननं, आणि मला बाईंनी जराशी करपलेली दिली. मी ती निमूटपणे खाल्ली.

तर हे असं आहे, ताई. तुझ्या मुलीनं माझी झोप घालवली, गुप्त आकडा बदलायला लावला, गावाचं शिंग रिकामं केलं. म्हणून पुन्हा विनवतो, कडक शब्दांत लिहून तिला परत बोलाव. दाजींना नमस्कार, पोपटाला शिव्या. आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा,
तासिओ

ता.क. एवढं वाचलंस म्हणजे दाजी झोपलेत. तर आता खरं सांगतो. अपील वर गेलं आहे आणि यापुढचं एकूण एक काम त्या यंत्रातून व्हायचं आहे: नोटिसा तिथंच येणार, उत्तरं तिथूनच जाणार, आणि ती कधी आली हे मला कळायच्या आत मुदत संपलेली असणार. निमिया गेली तर कांतालिसियाबाईंची भट्टी मी वाचवू शकत नाही. शब्द मी दिलाय. मी तिला राहा म्हटलं तर ती जाईल, आणि तू जा म्हटलंस तर ती राहील. तू तरी वेगळं काय केलंस? आईनं दाजींचं नाव काढू नकोस म्हटलं आणि त्याच महिन्यात तू लग्न केलंस. तेव्हा कडक लिही, अगदी माझी नालस्ती करून लिही. माझ्या कचेरीतली खिडकीकडची खोली मी रंगवून ठेवली आहे. ती गेली तर मला इथं करमणार नाही, पण हे तिला कळता कामा नये.

आणखी ता.क. हे पत्र कॉम्प्युटरनं का आलं, ते राहिलंच. परीक्षा अशी आहे की प्रत्येकानं कुणाच्या मदतीशिवाय एक पत्र लिहून, कांडीनं सही करून गावाबाहेर पाठवायचं, आणि घेणाऱ्यानं निमियाला कळवायचं की खालच्या चौकोनात कुणाचं नाव दिसलं. तेव्हा नीट बघून कळव. माझं नाव दिसलं तर मी उत्तीर्ण झालो. फिलेमोनचं दिसलं तर हात चुकला की चुकवला, ते मला विचारू नकोस. जसं दिसतंय तसंच तिला कळव. म्हणजे तिचं इथलं काम अजून संपलेलं नाही, हे तिला माझ्या तोंडून ऐकायला लागणार नाही.